सांगली-मिरजेत गाणं ऐकायला, संगीत नाटक बघायला येताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईहून, कोल्हापूर-बेळगावहून आणि अलीकडे परदेशातून सुट्टीवर येणाऱ्या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते विषय आमच्या जिव्हाळ्याचे आहेत.

येत्या हंगामात सांगलीत कोणतं संगीत नाटक लागणार आहे?

वर्षभराचा छापील कार्यक्रम इथे मिळत नाही. मुंबई-पुण्याच्या संस्था दौरा ठरवतात, कोल्हापूर, सांगली, सातारा, कराड असे प्रयोग जोडून घेतात, स्थानिक ठेकेदार प्रयोग विकत घेतो आणि मग जाहिरात येते. तारीख जाहीर होते ती फार तर काही आठवडे आधी. त्यातही बहुतेक प्रयोग विनोदी किंवा कौटुंबिक गद्य नाटकांचे. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीत महिनोनमहिने एकही संगीत नाटक लागत नाही, असंही होतं. तेव्हा नुसत्या नावावर विसंबून तिकीट काढून येऊ नका.

तारीख कळायची खात्रीची ठिकाणं तीन: वर्तमानपत्राच्या सांगली आवृत्तीतलं जाहिरातींचं पान, नाट्यगृहाबाहेरचा फलक आणि तिकीट खिडकीवरचा माणूस. यातला तिसरा सगळ्यात भरवशाचा. "पुढच्या महिन्यात काय धरलंय?" एवढं विचारलं तरी छापून न आलेलंही कळतं.

मग कोणत्या दिवसांचा अंदाज धरून यावं?

५ नोव्हेंबर हा पहिला. १८४३ साली याच तारखेला विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्यासमोर 'सीता स्वयंवर'चा प्रयोग केला, म्हणून हा मराठी रंगभूमी दिन. त्या दिवशी भावे नाट्यमंदिरात विष्णुदास भावे गौरव पदक दिलं जातं. पहिले मानकरी बालगंधर्व होते. त्या सुमाराला गावात नाटकाची, नाट्यगीतांची वर्दळ असते आणि बाहेरून येणाऱ्याला एका खेपेत बरंच पदरात पडतं.

दुसरा काळ नवरात्राचा. मिरजेच्या अंबाबाई मंदिरात नऊ रात्री संगीत महोत्सव होतो. गायन, वादन, कधी नृत्य. तिसरा मिरजेच्या उरुसाचा, त्याचं सविस्तर खाली आहे. दिवाळी पहाटेचे कार्यक्रम गल्लोगल्ली होतात. त्यात भावगीतं आणि सिनेमातली गाणी जास्त, पण सूत्रसंचालकाला आवरतं घेता येत असेल तर एखादी भैरवी चांगली पदरात पडते.

हिवाळ्यात सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य नाट्य स्पर्धा असतात. संगीत नाटकांची स्पर्धा वेगळी होते आणि तिचं केंद्र बदलू शकतं, त्यामुळे ते कुठे आहे हे आधी बघून घ्यावं. तिकीट नाममात्र असतं. हौशी संस्था मनापासून नाटक बसवतात आणि व्यावसायिक रंगभूमीने कधीच सोडून दिलेली नाटकं इथे बघायला मिळतात. आमचं मत विचाराल तर ज्याला संगीत नाटकाची खरी गोडी आहे त्याने व्यावसायिक दौऱ्याची वाट बघत बसण्यापेक्षा स्पर्धेचे चार-पाच दिवस गाठावेत. एखादा प्रयोग रटाळ निघेल, पण दुसऱ्या दिवशी एखादी विशीतली मुलगी अशी तान घेऊन जाते की शेजारचे आजोबा खुर्चीत पुढे सरकून बसतात.

प्रयोग नेमके होतात कुठे?

सांगलीत भावे नाट्यमंदिर आणि दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह. मिरजेत बालगंधर्व नाट्यगृह. सांगली आणि मिरज यांत दहाएक किलोमीटरचं अंतर आहे. महापालिका एक, पण गावं दोन आणि अभिमानही दोन. पत्ता विचारताना "सांगली-मिरज" असं मोघम म्हणू नका. रिक्षावाला तुम्हाला भलत्याच गावात सोडेल.

मिरजेच्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचं नाव आहे त्याला कारण आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, किर्लोस्कर नाटक मंडळीत आल्यावर १९०५ साली मिरजेतच शकुंतला म्हणून पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले.

पहिलं संगीत नाटक सांगलीचं की पुण्याचं?

हा वाद इथल्या कट्ट्यांवर अजून चालतो. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातून भागवत मंडळींचे खेळ सांगलीत आले होते. ते पाहून चिंतामणरावांना वाटलं की असलं काही मराठीत व्हावं, आणि त्यांनी भाव्यांना कामाला लावलं. भाव्यांच्या खेळात गाणी भरपूर होती, पण ती गायचा सूत्रधार. तो एका बाजूला उभा राहून पदं म्हणे आणि पात्रं त्या अनुषंगाने भाषणं करीत. ती भाषणंही लिहिलेली नसत, पात्रांनी आयत्या वेळी जुळवायची.

३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले. तिथे पात्रं स्वतः गायला लागली. शकुंतलेचं दुःख शकुंतलाच गाते, हा बदल मोठा. म्हणून संगीत नाटक म्हणून जे आपण आज ओळखतो त्याचा मान 'शाकुंतल'ला द्यायला हवा, हे सांगलीकर असूनही आम्ही मान्य करतो. पण पुढच्या पिढीकडे पाहा. 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे. 'मानापमान' आणि 'स्वयंवर' लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. दोघांना या जिल्ह्यातून काढून टाकलं तर मराठी संगीत रंगभूमीत मागे काय उरतं, याचा हिशेब पुणेकरांनी करावा.

पहिल्यांदाच संगीत नाटक बघणार आहे. कोणतं निवडू?

'संशयकल्लोळ' लागलं असेल तर डोळे झाकून जा. संशयी नवरा, संशयी बायको, त्यांच्या घोळात सापडलेला अश्विनशेठ आणि रेवती. रागदारी कळली नाही तरी हसून पोट दुखतं. 'सौभद्र'ही तसंच: कृष्णाचे डावपेच, बलरामाचा भाबडेपणा आणि यती होऊन बसलेला अर्जुन. लहान मुलं बरोबर असतील तर ही दोन नाटकं चालतात.

'शारदा' १८९९ चं आहे. म्हाताऱ्याशी लग्न ठरवलेल्या कोवळ्या मुलीची गोष्ट. विनोद आहे, पण तो बोचतो. आजच्या प्रेक्षकाला ते जुनं वाटेल अशी भीती बाळगू नका. मुलीच्या बापाला पैशाचा मोह पडतो तो प्रवेश नीट वठला तर नाट्यगृहात टाचणी पडली तरी ऐकू येते.

ज्यांना आधी गाणं आणि मग नाटक हवं, त्यांनी 'मानापमान', 'स्वयंवर' किंवा १९६७ चं 'कट्यार काळजात घुसली' बघावं. 'कट्यार'ची गोष्टच मुळी दोन घराण्यांच्या ईर्ष्येची, त्यामुळे गाणं मध्येच घुसल्यासारखं वाटत नाही. नव्यांत 'संगीत देवबाभळी'चा प्रयोग कुठे जवळपास लागला तर सोडू नका. दोनच स्त्रिया, तुकोबांची आवली आणि लखूबाईच्या रूपातली रखुमाई, पण रंगमंच भरून टाकतात.

नाटकाचं नाव तेच, मग एक प्रयोग रंगतो आणि दुसरा पडतो, असं का?

कारण लोक नाटकाचं नाव बघून तिकीट काढतात. संगीत नाटकात आधी बघायचं ते गातंय कोण, आणि त्याच्या खालोखाल ऑर्गन-तबल्याला कोण आहे. जाहिरातीत साथीदारांची नावं बारीक अक्षरात तळाला असतात. ती वाचा.

गायक नट बोलता बोलता पदात शिरतो. आदल्या वाक्याचा शेवटचा शब्द पडायच्या आत ऑर्गनवाल्याने स्वर धरलेला असावा लागतो. तो अर्धा क्षण उशिरा आला की बोलणं आणि गाणं यांच्यात फट पडते आणि नट "आता मी गाणार" असा उभा राहतो. चांगला ऑर्गनवादक वाद्याकडे बघतच नाही. पाय भात्यावर, बोटं पट्ट्यांवर आणि नजर सतत नटाच्या ओठांवर. नटाने आज श्वास कमी घेतला, तान लवकर आटोपली, तर तो तिथल्या तिथे सावरून घेतो. तबलजीचंही तेच. नट वेगळ्याच ठिकाणाहून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला तरी प्रेक्षकाला कळू द्यायचं नाही, हे त्याचं काम.

गंधर्व नाटक मंडळीच्या काळात याचं मोल जाणत असत. त्या कंपनीत तबल्यावर अहमदजान तिरखवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष होते. नाटकाच्या खड्ड्यात बसायला असे लोक! आज ध्वनिमुद्रित साथीवर काही प्रयोग होतात. खर्च वाचतो हे खरं, पण आमचा सल्ला असा की तिकीट काढायच्या आधी खिडकीवर विचारा, "साथ जिवंत आहे ना?" नसेल तर घरी बसून ऐकलेलं बरं.

नाटक किती वेळ चालतं? पूर्वी रात्रभर चालायचं म्हणतात.

चालायचं. 'शाकुंतल'मध्ये दोनशेच्या आसपास पदं होती, 'सौभद्र'मध्ये शंभरावर. त्यात वन्समोअर. उजाडायला घरी जाणं ही तक्रारीची गोष्ट नव्हती. आता रंगावृत्ती काटछाट केलेली असते. पदं पंधरा-वीसवर आलेली, अंक दोन, मध्यंतर एक. तीन तास धरून चला, गायक खुशीत असला तर थोडं जास्त.

तिकीट कसं काढायचं? पुढची रांग मिळेल का?

व्यावसायिक नाटकाचं तिकीट ऑनलाइन किंवा नाट्यगृहाच्या खिडकीवर. खिडकीवर गेलात तर प्लॅन समोर ठेवून जागा निवडता येते. गाणं ऐकायचं असेल तर अगदी पहिल्या रांगेचा हट्ट धरू नका. तिथे नटाच्या गळ्यापेक्षा ऑर्गन मोठा ऐकू येतो. पाचवी ते नववी रांग, मधल्या वाटेच्या जवळ, ही जागा आम्हाला आवडते.

स्थानिक संस्थांच्या मैफलींना बऱ्याचदा प्रवेश विनामूल्य असतो आणि पत्रिकेवर "काही जागा राखीव" असं छापलेलं असतं. त्या काही जागा म्हणजे पुढच्या सगळ्या रांगा, असं समजून अर्धा तास आधी या. राखीव पाहुणे पहिला ख्याल संपता संपता येतात आणि सत्कार झाला की उठतात. त्यानंतर पुढे सरकायला कोणाची हरकत नसते.

मिरजेच्या दर्ग्यातल्या संगीत सभेला कोणीही जाऊ शकतं का? तिकीट किती?

कोणीही जाऊ शकतं, आणि तिकीट नाही.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा होती. दुखण्यातून उठले ते इथेच, असं मिरजेत सांगतात. २७ ऑक्टोबर १९३७ ला मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमलकोइल स्टेशनवर त्यांचं निधन झालं. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारातच दफन केलं. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात संगीत सभा भरते. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, हिराबाई बडोदेकर त्यांची मुलगी, आणि हिराबाईंचा जन्मही मिरजेचाच. किराण्याचे गवय्ये इथे हजेरी लावतात ती बिदागीसाठी नव्हे.

बैठक उघड्यावर, चिंचेच्या झाडाखाली असते. सतरंजीवर बसायचं. चपला बाहेर, डोक्याला रुमाल असलेला बरा. गाणं रात्री सुरू होतं आणि लांबत जातं. मध्यरात्रीनंतर गर्दी पातळ होते, उरुसातले पाळणे थांबतात, भोंगे बंद होतात आणि मग खरी बैठक सुरू होते. दरबारी, मालकंस असे रात्रीचे राग ऐकायचे असतील तर तोवर दम धरा. बरोबर शाल आणि पाण्याची बाटली असू द्या.

उरुसाची तारीख हिजरी पंचांगावर चालते, म्हणून इंग्रजी वर्षात ती दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. मागच्या वर्षीची तारीख धरून तिकिटं काढणारे दरवर्षी कोणी ना कोणी भेटतात.

नवरात्रातल्या अंबाबाई मंदिरातल्या मैफलींना काही नियम?

देवळात पाळायचे तेच. तिकीट नाही. लहान मुलं चालतात, रडली तर उचलून बाहेर न्यायची, एवढंच.

दाद कशी द्यायची? टाळ्या कधी वाजवायच्या?

नाटकात पद संपल्यावर मनसोक्त वाजवा. फार आवडलं तर "वन्समोअर" म्हणा, त्यात गैर काही नाही. मात्र नट दमलाय हे दिसत असताना हट्ट धरू नये. मैफलीत समेवर मान हलली, तोंडातून "वाहवा" गेली, तर ती दाद. आलाप चालू असताना टाळी वाजवणाऱ्याकडे इथली म्हातारी मंडळी वळून बघतात, आणि ते बघणं पुरेसं असतं.

तिसरी घंटा झाली की पडद्यामागून नांदी, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीचं स्तवन, सुरू होते. त्या वेळी जागा शोधत, मोबाइलची बत्ती पाडत फिरू नका. संपूर्ण संच एकत्र गातो अशी ही वेळ प्रयोगात क्वचितच येते, आणि दोन-तीन मिनिटांत आज कोणाचा आवाज लागलाय हेही कळून जातं.

चित्रीकरण करू नये.

दिवसा वेळ असतो. गाण्याशी संबंधित काय बघता येईल?

मिरजेतली सतारमेकर गल्ली. तिच्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. इथल्या शिकलगार कुटुंबांनी, मूळची शस्त्रांना धार लावणारी मंडळी ही, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं करायला घेतली. फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव या धंद्यात पहिलं घेतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

दुकानात छताला टांगलेले वाळके भोपळे दिसतील. हे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. पुरुषाच्या तानपुऱ्याला मोठा घेर लागतो, बायकांच्या तानपुऱ्याला कमी, त्यामुळे भोपळा निवडतानाच वाद्याची पट्टी ठरायला सुरुवात होते. भोपळा भिजवून, कापून, आतून साफ करून त्याला आकार देतात आणि त्यावर लाकडाचा गळा नि दांडी बसवतात. पण सगळ्यात शेवटचं काम बघायला मिळालं तर थांबाच. कारागीर तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानशीने हलकेच घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तारेखाली सुताचा दोरा सरकवतो. कोरडा टणत्कार येत असतो, आणि दोरा केसभर पुढे गेला की तीच तार भुंग्यासारखी गुंजायला लागते. ही जवारी. पुन्हा एकदा दोरा हलवला की नाद गेला! कारागीर कामात असेल तर प्रश्न विचारू नका, चहा येईपर्यंत थांबा.

सांगलीत असाल तर संध्याकाळी हरिपूरला जा. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, देवलांचं गाव. एके काळी हळद साठवायच्या जमिनीतल्या पेवांसाठीही हरिपूर ओळखलं जाई. हाताशी गाडी असेल तर पलूस तालुक्यातलं नागठाणे, बालगंधर्वांचं गाव, तेही होईल.

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह एकाच खेपेत जोडता येईल का?

अंतर पन्नासएक किलोमीटर, त्यामुळे प्रश्न अंतराचा नाही. शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली उभं राहिलेलं हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव एकत्र उभे राहिले तो 'संयुक्त मानापमान' आजही बोलण्यात येतो. त्यांतल्या एकाच्या नावाची वास्तू अशी गेली. तिथे प्रयोग आहे असं कुठे वाचलंत तर ती जाहिरात कधीची आहे ते आधी तपासा.

पावसाळ्यात यावं का?

जून ते सप्टेंबर कार्यक्रम कमी असतात. २६ जूनला बालगंधर्वांची जयंती आणि १५ जुलैला पुण्यतिथी, त्या निमित्ताने कुठे तरी नाट्यगीतांची बैठक असते. पण ऑगस्टमध्ये येणार असाल तर बातम्यांत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघत राहा. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ मध्ये ती ५७ फुटांवर गेली होती. पाणी वाढायला लागलं की नाटक रद्द होतं, आणि रद्द झाल्याचं सांगायलाही कोणाला सवड नसते.

रात्री उशिरा प्रयोग सुटला तर परत जायची सोय?

मिरज जंक्शनवरून पुणे, कोल्हापूर, बेळगाव-हुबळी, पंढरपूर अशा चारी दिशांना गाड्या आहेत. रात्रीच्या गाडीची वेळ बघून ठेवा आणि सांगलीहून मिरजेला जाणारी रिक्षा मध्यंतरातच ठरवून टाका. प्रयोग सुटल्यावर सगळे एकदम रस्त्यावर येतात आणि भाडं दुप्पट होतं. नाहीतर सरळ मुक्काम करा.

मध्यंतरात खायला काय मिळतं?

बटाटेवडा आणि चहा. रांग मोठी असते, आणि वडा हातात पडेपर्यंत पहिली घंटा होते. जाणकार मंडळी दुपारीच भडंगाचा पुडा घेऊन ठेवतात. पण तो मध्यंतरातच संपवायचा. अंक चालू असताना भडंग खाल्लं तर चार रांगा ऐकतात.